उभी पट्टी

झोपायचं नाहीच ठरवलंय ना तुम्ही? बरं. मग गाद्या जरा जवळ ओढा, आणि एवढ्या मोठ्यानं हसू नका, खाली मांडवातली माणसं जागी होतील. उद्या लग्नात जांभया दिल्यात तर माझं नाव सांगायचं नाही.

भुताची गोष्ट मला येत नाही. मला एकच ठाऊक आहे, आणि ती गोष्ट नाही, झालेलं आहे. माझ्या मित्राच्या घरात झालं. शेवटचं थोडं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

कामेश्वरराव. वीज खात्यातून निवृत्त झालेला, उंच, थोडा वाकून चालणारा, गळ्यात कायम कॅमेरा. कोव्वूरला आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. गल्लीत बारसं असो नाहीतर बारावं, फोटो हाच काढणार, आणि काढलेला फोटो कुणाला म्हणून देणार नाही. "नीट लावून देतो," म्हणायचा. सगळे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर. त्याची बायको रत्नम त्याला चिडवायची, "अहो, अख्खं गाव कोंबलंय तुम्ही त्या डब्यात. कुणाला बाहेर यायचं असेल तर दार कुठून आहे?"

तर त्या वर्षी कार्तिकात रत्नमचं वर्षश्राद्ध आलं. भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून आम्ही दोघं पूल ओलांडून राजमहेंद्रीला फ्रेमवाल्याकडे गेलो. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नाही. कामेश्वररावानं पाकिटातून फोटो काढून काउंटरवर ठेवला. आधार कार्डावरून मोठा केलेला. अकराव्याला तोच लावला होता, आणि तो बघून नातवानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ही कोण?"

फ्रेमवाल्यानं फोटो उजेडात धरला. "बाबूगारू, पोलीस ठाण्यातले फोटो याहून बरे असतात हो." मग त्याला कळलं आपण काय बोललो. "म्हणजे… दुसरा नाही का एखादा?"

"आहेत," कामेश्वरराव म्हणाला. "पुष्कळ आहेत."

"मग आणा की त्यातला. मी एका दिवसात करून देतो."

"आणतो."

परत येताना बसमध्ये मी त्याला म्हटलं, "इतके फोटो असताना तू हा कशाला आणलास?"

तो खिडकीतून गोदावरीकडे बघत होता. म्हणाला, "त्या दिवसापासून कॉम्प्युटर लावला नाही."

तो दिवस मला माहीत होता. त्यानं एकदाच सांगितला होता, आणि मला एकट्यालाच. मागल्या कार्तिकातली सकाळ. परसात धुण्याचा दगड आहे, तिथे रत्नम चादरी धूत होती. हा आत कॉम्प्युटरवर फोटो लावत बसलेला. परसातून तिची हाक आली, "अहो…" हा म्हणाला, "हां, येतो." थोड्या वेळानं पुन्हा हाक आली. हा पुन्हा म्हणाला, "हां, येतो." तिसरी हाक आली नाही, तेव्हा याला बरंच वाटलं. हातातलं काम संपवून गेला. नळ वाहत होता… ती दगडाच्या कडेला पडली होती.

डॉक्टर म्हणाले, लगेच गेला असतात तरी फरक पडला नसता. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात.

हा रडला नाही. बाराव्याला पंगतीत स्वतः भात वाढत होता. वर्षभर तसाच. विचारलं तर उत्तर द्यायचा, ताटात पडेल ते खायचा. माझी बायको कधी डबा घेऊन जायची, विचारायची, "मीठ कमी पडलंय का हो?" तर म्हणायचा, "असेल." दुःख दिसतं तरी माणसाच्या तोंडावर. याच्या तोंडावर तेही दिसत नव्हतं. बधिर. दाढेत सुई मारल्यावर गाल होतो ना, तसा अख्खाच्या अख्खा माणूस.

घरी पोचल्यावर त्यानं कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. रत्नमनंच शिवलेलं. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. आतून आवाज आला. टक… टक… टक. मग थांबला. मग पुन्हा.

त्यानं मुलाला फोन लावला. फणी हैदराबादला असतो, कॉम्प्युटरच्याच नोकरीत. कामेश्वररावानं फोन त्या डब्याजवळ धरून आवाज ऐकवला.

"नान्ना, बंद करा! आत्ताच्या आत्ता!" फणी ओरडला, तो मला लांबून ऐकू आला. "हार्ड डिस्क चाललीय ती. आत एक सुई असते वाचणारी, तिला जागा सापडत नाही म्हणून ती सारखी मागे येऊन आपटतेय. जितकी चालवाल तितकी लवकर मरेल. मला पाठवा, इथे लॅब आहे, ते काढून देतात."

"किती दिवस?"

"महिना तरी जाईल."

"श्राद्ध बुधवारी आहे."

"नान्ना, एका फोटोसाठी सगळे घालवाल तुम्ही."

"लॅबमधली माणसं तिला बघतील," कामेश्वरराव म्हणाला. "तिला आवडायचं नाही."

मग मुलानं सगळं समजावून दिलं. डिस्क बाहेर काढायची, वायरीनं जुन्या लॅपटॉपला जोडायची, आणि एक प्रोग्राम लावून ठेवायचा. तो तिच्यातलं तुकड्या-तुकड्यानं उचलतो. जे वाचता येतं ते आधी घेतो, जे येत नाही ते सोडून पुढे जातो, आणि शेवटी सोडलेल्याकडे परत येतो. "डिस्क उघडू नका, ठोकू नका, गरम होऊ देऊ नका. केसाएवढी धूळ आत गेली तर संपलं."

कामेश्वररावानं तसंच केलं. जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या ताटात बर्फाची पिशवी, वर प्लास्टिक, त्यावर ती डिस्क. केवढी? पानाच्या डब्याएवढी. शेजारी लॅपटॉप. दिवस-रात्र ती टकटक. मी गेलो की म्हणायचा, "बस. कॉफी घे." आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहायचा.

पहिल्यांदा फोटो चांगले आले. घाट, देऊळ, पुलावरची गाडी, गल्लीतली लग्नं. माझाच एक आला, डोक्यावर काळे केस असलेला. मी हसलो. तो हसला नाही.

रविवारी संध्याकाळी गेलो तर म्हणाला, "हे बघ."

भद्राचलमचा फोटो होता. सहलीला गेले होते तेव्हाचा. एका बाजूला फणी, मधे कामेश्वरराव, कुणाकडून तरी काढून घेतलेला. आणि त्याच्या डाव्या हाताला एक राखाडी पट्टी. वरपासून खालपर्यंत नाही. जमिनीपासून सुरू झालेली आणि त्याच्या खांद्याशी संपलेली.

"रत्नम तिथे उभी होती," तो म्हणाला.

"खराब झाला असेल तेवढा भाग."

त्यानं पुढचा दाखवला. फणीच्या लग्नातला. सगळे आहेत, पट्टी आहे. मग अंगणातला. मग नातू मांडीवर घेतलेला, तिथे नातू हवेत, आणि त्याच्यामागे पट्टी… बुटकी. बसलेल्या बाईएवढी.

मी म्हटलं, "फणीला विचार."

त्यानं एक फोटो पाठवला आणि फोन लावला. फणीनं तो मोठा करून बघितला.

"नान्ना," शेवटी म्हणाला, "फोटो बिघडला की पट्टी आडवी येते. तो वरून खाली वाचला जातो ना, जिथे अडकेल तिथून खालचं सगळं जातं. उभी… उभी पट्टी येत नाही."

"आली आहे," कामेश्वरराव म्हणाला. भाजीवाल्याला सांगावं तसं.

सोमवारी सकाळी मी फाटकातून आत शिरलो तर तो ओट्यावर कॉफीचा पेला घेऊन बसला होता. रात्रभर जागा असावा. मला म्हणाला, "काल रत्नमनं हाक मारली."

मी त्याच्या शेजारी ओट्यावर टेकलो.

"परसातून," तो म्हणाला. "नेहमीसारखी."

"मग?"

"मी म्हटलं, हां, येतो."

"…गेलास?"

"नाही. फोटो येत होते."

असं म्हणून त्यानं कॉफीचा घोट घेतला. अरे, मी पन्नास वर्षं ओळखतो त्या माणसाला. भीती त्याच्या तोंडावर नव्हती. काहीच नव्हतं. त्या पेल्यातली कॉफी थंड झाली होती आणि तेसुद्धा त्याला कळलं नव्हतं.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आज रात्री मी तिकडे झोपणार. ती म्हणाली, "आज कार्तिकातला शेवटचा सोमवार. दिवे सोडायला घाटावर कोण येणार माझ्याबरोबर?" म्हटलं, शेजारणीबरोबर जा. तिनं माझं पांघरूण काढून दिलं.

तीच ती रात्र. कार्तिकातला शेवटचा सोमवार. बायका घाटावरून परतल्या, गल्ली निजली. मी त्याच्या हॉलमध्ये खाटेवर आडवा झालो. तो टेबलाशी. परसाचं दार त्यानं माझ्यादेखत लावलं, वरची कडी घातली.

"आता राहिलेलं वाचतोय," तो म्हणाला. "आधी सोडून दिलेलं. तिकडे परत आलाय."

टक… टक…

ताटातला बर्फ वितळून पाणी झालं होतं. मी उठून दुसरी पिशवी आणली. त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. राखाडी. राखाडी. राखाडी. प्रत्येक फोटोत त्याच्या शेजारी ती पट्टी, आणि हा तिच्याकडे बघून हसतोय. फोटोतला हा, म्हणजे. खुर्चीतला नाही.

"झोप रे थोडा," मी म्हटलं.

"एक तरी येईल."

माझा डोळा लागला असावा. जाग आली ती टकटक थांबल्यामुळे. डिस्क चालू होती, पण आता ती नुसती गुणगुणत होती. मऊ. नवीन असताना चालायची तशी.

"अप्पाराव," तो म्हणाला. "येतोय."

मी उठलो. पडद्यावर एक फोटो हळूहळू उतरत होता. वरून खाली, एकेक रेघ. आधी आकाश. मग नारळाच्या झावळ्या. मग परसाची भिंत. मग… भांग. केसातला भांग. कपाळ.

कामेश्वरराव पुढे वाकला. नाक पडद्याला टेकेल इतका.

भुवया.

मग डोळे आले. रत्नमचेच. सरळ बघत होते. ती फोटोत कधी सरळ बघायची नाही, मान वळवायची. यात सरळ बघत होती. आमच्याकडे.

आणि परसातून हाक आली.

"अहो…"

मी ऐकली. पोरांनो, मी ऐकली. मोठी नव्हती. नळाखाली हात धरलेली बाई आतल्या माणसाला हाक मारते… तेवढीच.

मी त्याच्याकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता. नाकाची रेघ उतरत होती. त्याच्या तोंडून आपोआप आलं, "हां…"

आणि तो थांबला.

पुढचा शब्द त्याच्या तोंडात होता. ओठ हलत होते. पण त्यानं तो उच्चारला नाही. पडद्यावर गाल येत होते. अजून ओठ यायचे होते, हनुवटी यायची होती. इतक्या रात्री ज्याच्यासाठी जागला… तेवढंच राहिलं होतं. थोडंसं.

"अहो…"

दुसरी.

त्यानं खुर्ची मागे सारली. उठला. पडद्याकडे पाठ केली.

"कामेश…" मी म्हटलं. "जाऊ नकोस."

त्यानं ऐकलं नाही. अनवाणी गेला. स्वयंपाकघरातून… कडी काढल्याचा आवाज… दार.

मग काही नाही.

मी तिथेच. समोर पडदा. मला बघायचं नव्हतं, पण मान वळेना. फोटो थांबला होता. ओठांच्या वर. मग खालून राखाडी चढायला लागलं. वर. गाल गेले. नाक गेलं. डोळे शेवटपर्यंत राहिले… मला वाटतं, ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्यामागे, परसाच्या दाराकडे बघत होते.

मग तेही गेले.

डिस्कनं एकदाच आवाज केला. पाटीवर खडा ओढावा तसा. आणि बंद.

त्यानंतर जी शांतता झाली, ती मला अजून ऐकू येते. इतके दिवस टकटक ऐकून कान सरावले होते…

मी परसात गेलो. कसा गेलो, विचारू नका. तो धुण्याच्या दगडाशी खाली बसला होता. मांडी घातलेली. दोन्ही हात मांडीवर… असे. कुणाचं डोकं धरावं तसे.

हातात काही नव्हतं.

"कामेश."

"हळू बोल," तो म्हणाला. "आत्ता डोळा लागलाय तिचा."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. दुसरं काय करणार? नळ बंद होता. वारा नव्हता. तो मधूनमधून वाकून काहीतरी बोलत होता, इतक्या हळू की मला एकच शब्द कळला. "आलो." पुन्हा पुन्हा तोच. "आलो… आलो गं…"

कोंबडा आरवला तेव्हा त्यानं हात सावकाश मोकळे केले. जपून, खाली ठेवल्यासारखं करून. पाय आखडले होते, मला म्हणाला, "धर रे मला." मी धरला. आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडायला लागला. वर्षाचं रडला. शेजारची माणसं भिंतीवरून डोकावली. मी त्यांना हातानं सांगितलं, जा.

बुधवारी श्राद्ध झालं. फणी आला होता. ब्राह्मणांनी विचारलं, फोटो कुठे? कामेश्वररावानं भद्राचलमचा फोटो फ्रेम करून आणला होता. फणी, तो, आणि ती उभी पट्टी. फ्रेमवाल्यानं म्हणे दोनदा विचारलं, नक्की हाच का? फणीची बायको घाबरली, म्हणाली, "मावय्या, लोक काय म्हणतील?"

तो म्हणाला, "तिची जागा आहे ती. तिथे ती आहे." आणि हार घातला. पुढे पानात वाढलेलं त्यानं पहिल्यांदा नीट चवीनं खाल्लं. माझ्या बायकोला म्हणाला, "डाळीत मीठ कमी आहे." ती पदरानं डोळे पुसत मीठ आणायला गेली.

आता तो फणीकडे असतो. बरा असतो. नातवाबरोबर बागेत जातो. कॅमेरा त्यालाच देऊन टाकला.

हाक मी ऐकली, पण त्याबद्दल मी कुणाशी भांडत नाही. जागरण होतं, मन हळवं होतं, तुम्ही म्हणाल ते कबूल. पट्टीसुद्धा सोडून द्या. फणीनं पुढे शोधून काढलं की अगदी क्वचित तसंही होऊ शकतं.

पण मेलेली डिस्क फणी बरोबर घेऊन गेला होता. बापाला न सांगता त्यानं ती लॅबमध्ये दिली, काही निघालं तर बघावं म्हणून. त्या सुमाराला मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला होतो, त्याच्याकडेच उतरलो होतो. एक दिवस लॅबमधून फोन आला, येऊन जा. आम्ही दोघं गेलो.

नस्रीन नावाची मुलगी होती तिथे. डोक्याला टोपी, हातात मोजे, काचेपलीकडच्या खोलीतून बाहेर आली. तिनं आधी विचारलं, "ही डिस्क घरी कुणी उघडली होती का?"

फणी म्हणाला, "नाही."

"खरं सांगा. मी रागावणार नाही. लोक उघडतात."

"नाही उघडली. हवं तर सील बघा."

"सील बघितलं," ती म्हणाली. "कारखान्यातलं होतं. आज सकाळी मीच तोडलं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." "आतून काही निघणार नाही, सगळं खरवडून गेलंय. पण तुम्ही एकदा बघून घ्या. मला हे लिहायचं कसं, कळत नाहीये."

तिनं आम्हाला काचेपाशी नेलं. आत टेबलावर दिव्याखाली डिस्क उघडी होती. आत आरशासारखी चकती असते. चकतीच्या मधोमध एक खुंट.

त्या खुंटाला केस गुंडाळला होता. एकच. लांब. बाईचा. टोकाकडे काळा, मुळाकडे पांढरा.

फणीनं कपाळ काचेला टेकवलं.

"मोटारीनं ओढला असता तर तुटला असता," नस्रीन म्हणाली. "हा तुटलेला नाही."

नव्हता. नीट गुंडाळला होता, वेढ्याला वेढा लागून. कंगव्यात आलेला केस बायका बोटाभोवती गुंडाळतात, आणि टोक आत खोचून ठेवतात ना…

तसा.